वाचकांचे प्रश्न : उपग्रह, पानं आणि इकॉलॉजीचं काम

पृथ्वीवरच्या वनस्पतींवर उपग्रहातून लक्ष ठेवण्याच्या कामाबद्दल, आणि त्यात इकॉलॉजी शिकलेल्या माणसाला काय वाव आहे याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून आणि पत्रं थोडी आखूड करून इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे, प्रबंध माळरानावरच्या गवतांवर आहे. उपग्रहांच्या कामात जायचं तर इकॉलॉजी सोडून कॉम्प्युटरकडे वळावं लागेल असं सगळे सांगतात. खरं आहे का?
— विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : नाही. या क्षेत्राचा पायाच गवत कापून, वाळवून, वजन करून घातला गेला आहे. तेव्हा गवतावरचा प्रबंध ही तुमची शिदोरी समजा.

उपग्रहातून वनस्पती मोजण्याच्या कामाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, कॉम्प्टन टकर यांचं उदाहरण घ्या. पदवी जीवशास्त्राची, १९७५ साली कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातून पीएच.डी. काम कुठे, तर कोलोरॅडोतल्या पॉनी नावाच्या कुरणावर, ब्लू ग्रामा या बुटक्या गवतात. गवताच्या छोट्या चौकटीवर वर्णपटमापक धरायचा, कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत येतो ते नोंदवायचं, मग तेवढंच गवत कापून त्याचं ओलं वजन, सुकं वजन आणि हरितद्रव्य काढायचं. अशा पुरेशा जोड्या जमल्या की कोणती तरंगलांबी गवताबद्दल भरवशाचं सांगते ते कळतं. तांबडा प्रकाश हरितद्रव्य शोषून घेतं, म्हणून पानं वाढली की परत येणारा तांबडा घटतो. डोळ्याला न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश पानाच्या आतल्या पेशींमधून आणि त्यांच्यातल्या पोकळ्यांमधून विखुरला जाऊन परत फिरतो, म्हणून पानं वाढली की तो वाढतो. अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि त्या दोघांच्या बेरजेने भागायचं, की झाला एनडीव्हीआय. हे सूत्र टकर यांचं नव्हे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या राऊझ आणि सहकाऱ्यांनी १९७३-७४च्या सुमारास लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेतल्या पहिल्या उपग्रहाच्या प्रतिमांवर ते वापरलं होतं. टकर यांनी १९७९च्या निबंधात अशा सूत्रांची गवताच्या प्रत्यक्ष मोजमापांवर पारख केली.

पुढचा भाग तुमच्या प्रश्नाशी जास्त निगडित आहे. नासाच्या गोडार्ड केंद्रात टकर गेले तेव्हा हाताशी लँडसॅट होता. पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतला एक ठिपका, साधारण ८० मीटरचा, पण एका जागेवर फेरी १८ दिवसांनी. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला असलेल्या साहेल पट्ट्यात गवताचं सगळं आयुष्य पावसानंतरच्या दोन-तीन महिन्यांत आटोपतं. त्यात दोन फेऱ्या ढगांत गेल्या की हंगाम हातचा गेला. दुसरीकडे नोआ या अमेरिकेच्या हवामान-सागर संस्थेच्या हवामान उपग्रहांवर एव्हीएचआरआर नावाचं उपकरण होतं. ते ढग आणि समुद्राचं तापमान पाहण्यासाठी बनवलेलं, पिक्सेल १.१ किलोमीटरचा, आणि साऱ्या जगाच्या साठ्यात तर ४ किलोमीटरचा. पण रोज सगळी पृथ्वी त्याच्या नजरेखालून जायची. १९७८च्या टायरॉस-एन या उपग्रहावर त्याचा पहिला बँड, म्हणजे ते टिपत असलेला तरंगलांबींचा पट्टा, ०.५५ ते ०.९० मायक्रोमीटर इतका रुंद होता, म्हणजे तांबडा आणि अवरक्त एकमेकांत मिसळलेले. नोआ-६ पासून तो ०.५८ ते ०.६८ असा आवळला गेला आणि वनस्पतींसाठी उपकरण कामाचं झालं. बारीक पण अधूनमधून मिळणारं चित्र सोडून ढोबळ पण रोजचं चित्र निवडायचं, हा निर्णय गवत किती दिवस जगतं हे माहीत असलेल्या माणसालाच सुचतो.

मग १९८० ते १९८४ या हंगामांत सेनेगलच्या फेर्लो भागातलं जमिनीवर कापून मोजलेलं गवताचं उत्पादन आणि उपग्रहाच्या आकड्यांची हंगामभराची बेरीज यांची सांगड घातली गेली. ती बसली, म्हणूनच पुढे मोठ्या प्रश्नांना हात घालता आला. ‘सहारा दरवर्षी दक्षिणेकडे सरकतो आहे’ हे तेव्हा सर्रास बोललं जाई. टकर आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवलं, की सहाराचा विस्तार १९८०मध्ये ८६,३३,००० चौरस किलोमीटर होता, १९८४च्या दुष्काळात तो ९९,८२,०००वर गेला, आणि लगेच १९८५मध्ये दक्षिणेची सीमा ११० किलोमीटर उत्तरेला हटली. वाळवंट सरळ पुढे चालत नव्हतं, पावसाबरोबर मागेपुढे होत होतं. चार वर्षांचीच नोंद हाती असती तर निष्कर्ष साफ उलटा निघाला असता. हेच तंत्र पुढे दुष्काळाच्या पूर्वसूचनेसाठी, टोळधाडीच्या पैदाशीच्या जागा हेरण्यासाठी आणि पूर्व आफ्रिकेत रिफ्ट व्हॅली तापाचा अंदाज बांधण्यासाठी वापरलं गेलं.

कॉम्प्युटर शिकावा लागेलच, पण क्रम महत्त्वाचा. आधी संख्याशास्त्र, त्यातही नमुना-निवड आणि प्रतिगमन, म्हणजे आकड्यांतून संबंधाची रेघ काढणं. मग क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर. मग आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा, दोन्हींपैकी एकच. उपग्रहांच्या प्रतिमांवर ऑनलाइन काम करायचं गुगल अर्थ इंजिन सगळ्यांत शेवटी. बहुतेक मुलं उलट्या टोकाने सुरुवात करतात. अर्थ इंजिनवर दहा ओळींत रंगीत नकाशा येतो, आणि तो चुकला आहे हे ओळखायची काहीच सोय त्यांच्याकडे नसते.

प्रश्न : मोबाइल ॲपमध्ये माझ्या उसाचा एनडीव्हीआय ०.८२ दाखवतो. महाबळेश्वरच्या जंगलाचा पाहिला, तोही जवळजवळ तेवढाच. मग या आकड्याचा अर्थ काय?
— ऊस उत्पादक, माळशिरस

उत्तर : आकडा बरोबर आहे, तुलना चुकते आहे. वाढलेला ऊस तांबडा प्रकाश साधारण ४ टक्के आणि अवरक्त ४० टक्के परत पाठवतो असं धरा. ३६ भागिले ४४, म्हणजे ०.८२. दाट सदाहरित जंगलाचे आकडे २.५ आणि ३० धरले तर २७.५ भागिले ३२.५, म्हणजे ०.८५. जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर पानांचे साधारण तीन थर झाले की तांबडा प्रकाश जवळपास सगळा शोषला जातो. त्यावर आणखी तीन थर चढले तरी आकडा जेमतेम हलतो. लाकूड, मुळं, झाडाचं वय, प्रजाती यांतलं काहीही त्यात नसतं.

वेळ पाहा म्हणजे फरक दिसेल. उसाचा आलेख बाराही महिने वर असतो आणि तोडणीला एकदम खाली आपटतो. सागाचं पानझडी जंगल ऑक्टोबरात उसाइतकंच हिरवं असतं, पण एप्रिलमध्ये ०.३ च्या आसपास उतरतं. महाबळेश्वरच्या सदाहरित झाडीचा आलेख वर्षभर फारसा हलत नाही. एका तारखेच्या आकड्यावरून पीक किंवा जंगल ओळखू नये. तुमच्या शेतापुरतं सांगायचं तर ०.८२ चा ०.८० झाला म्हणून खताची पोती उघडू नका. तेवढा फरक धुरकट हवेनेही पडतो. एकाच शेताच्या एका कोपऱ्यात सलग दोन-तीन फेऱ्या आकडा इतरांपेक्षा ०.१ ने खाली राहिला, तर तिथे जाऊन पाणी, हुमणी आणि निचरा पाहा.

प्रश्न : ताडोब्याच्या आसपासच्या जंगलाची २०१९ पासूनची सेंटिनेल-२ ची मालिका तयार केली. जानेवारी २०२२ अखेर एनडीव्हीआय एकदम पडतो आणि पुढे कधीच आधीच्या पातळीवर येत नाही. पानगळ म्हणावी तर ऑक्टोबरातही तसाच. जंगलाला काही झालं का?
— पीएच.डी. संशोधक, नागपूर

उत्तर : जंगलाला काही झालेलं नाही. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अवकाश संस्थेने आपल्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमांसाठी प्रक्रियेची ०४.०० ही आवृत्ती लागू केली आणि प्रत्येक बँडच्या आकड्यात १००० मिळवायला सुरुवात केली. कारण सरळ आहे. पाणी, गडद सावली अशा जागी वातावरणाचा परिणाम वजा केल्यावर परावर्तन कधी कधी शून्याखाली जातं, आणि तो आकडा शून्यावर कापला जाऊ नये म्हणून ही भर आहे. वापरणाऱ्याने ती वजा करायची असते.

न केल्यास काय होतं ते पाहा. हिरव्या पिक्सेलचा तांबडा ५००, अवरक्त ३५००. बरोबर उत्तर ३००० भागिले ४०००, म्हणजे ०.७५. भर तशीच राहिली तर १५०० आणि ४५००. वरची वजाबाकी तीच ३००० राहते, खालची बेरीज ६००० होते, उत्तर ०.५०. उन्हाळ्यातल्या निष्पर्ण पिक्सेलसाठी १२०० आणि २४०० घेतले तर ०.३३ चा ०.२१ होतो. म्हणजे घट सगळीकडे सारखी नाही, हिरव्या जागी जास्त आहे. त्यामुळे नकाशावर ती अगदी खऱ्या ऱ्हासासारखी दिसते, आणि नेमकी पानगळीच्या तोंडावर सुरू झाल्यामुळे चकवाही जास्त देते.

दुरुस्ती करताना तारखेवर विसंबू नका. जुन्या प्रतिमांचीही नव्या आवृत्तीने पुन्हा प्रक्रिया झाली आहे, त्यामुळे २०१९ च्या फाईलमध्येही भर असू शकते. फाईलच्या नावात ‘एन’ या अक्षरानंतर चार आकडे असतात. ते ०४०० किंवा त्याहून मोठे असतील तर प्रत्येक बँडमधून १००० वजा करा, ऋण आलेले आकडे बाजूला काढा, मग १०,००० ने भागा. अर्थ इंजिनवर असाल तर ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संच घ्या, त्यात हे आधीच केलेलं असतं, आणि मग स्वतःहून पुन्हा १००० वजा करू नका. दोनदा वजाबाकी केलेले प्रबंधही पाहायला मिळतात.

ढगांसाठी दृश्य-वर्गीकरणाच्या थरातले (प्रत्येक पिक्सेल ढग, सावली, पाणी की झाडी हे सांगणारा थर) ३, ८, ९ आणि १० हे वर्ग काढून टाका. ३ म्हणजे ढगांची सावली, आणि ती विसरली जाते. आणि एक सवय लावून घ्या. अभ्यासाच्या जागेबरोबर न बदलणारी एक जागा, म्हणजे मोठं काँक्रीटचं आवार किंवा उघडा खडक, त्याच मालिकेत ठेवा. जंगल आणि खडक एकाच दिवशी उडी मारत असतील तर चूक तुमच्या विदेत आहे.

प्रश्न : ‘भारत हिरवा होतो आहे, नासाने सांगितलं’ असा मजकूर दरवर्षी कुणीतरी पाठवतं. आजूबाजूला तर झाडं तुटताना दिसतात. कुणावर विश्वास ठेवायचा?
— निवृत्त शिक्षिका, पुणे

उत्तर : दोन्ही खरं आहे. मूळ अभ्यास २०१९ मधला, बॉस्टन विद्यापीठातल्या ची चेन, रंगा मायनेनी आणि सहकाऱ्यांचा. नासाच्या उपग्रहांवरच्या मोडिस उपकरणाच्या २००० ते २०१७ च्या नोंदींवरून त्यांनी जगातल्या पानांचं क्षेत्रफळ सुमारे ५ टक्क्यांनी वाढल्याचं दाखवलं. जगातल्या वनस्पतींखालच्या जमिनीपैकी भारताकडे २.७ टक्के आहे, पण वाढीतला वाटा ६.८ टक्के. चीनकडे ६.६ टक्के जमीन आणि वाटा २५ टक्के. फिरणाऱ्या मजकुरात इथपर्यंतचंच असतं. त्याच निबंधात पुढे आहे, की चीनच्या वाढीत जंगलांचा भाग ४२ टक्के आणि शेतीचा ३२ टक्के. भारताच्या वाढीत शेतीचा ८२ टक्के आणि जंगलांचा ४.४ टक्के.

म्हणजे आपली हिरवाई प्रामुख्याने खरिपानंतर रब्बी, रब्बीनंतर उन्हाळी अशा वाढत्या पिकांची आहे. त्यामागे खत आणि सिंचन आहे, आणि सिंचनात भूजलाचा उपसा मोठा. उपग्रहाने पानं मोजली, ती बरोबर मोजली. पान कशाचं आणि कुठल्या पाण्यावर, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तुम्हाला दिसणारी तुटणारी झाडं त्या नोंदीत का येत नाहीत, याचं उत्तर भूमितीत आहे. बांधावरच्या मोठ्या आंब्याचा घेर १०० चौरस मीटर धरा. मोडिसचा सर्वांत बारीक पिक्सेल २५० मीटरचा, म्हणजे ६२,५०० चौरस मीटर. त्यात तो आंबा ०.१६ टक्के. तो गेला आणि त्याच शेतात उन्हाळी भुईमूग आला, तर पिक्सेल आधीपेक्षा हिरवा होतो. शेतातली एकेक झाडं मोजायला बारीक प्रतिमा लागतात. मार्टिन ब्रँड्ट आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये भारतासाठी ते केलं. २०१०-११ मध्ये शेतांत दिसणाऱ्या मोठ्या झाडांपैकी सुमारे ११ टक्के २०१८ पर्यंत नाहीशी झाली होती, आणि २०१८ ते २०२२ मध्ये आणखी ५० लाखांहून अधिक गेली. सर्वाधिक घट झालेल्या पट्ट्यांत तेलंगणा आणि महाराष्ट्र आहेत.

जाता जाता सरकारी आकड्यांबद्दल. भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी अहवाल काढते. तिच्या व्याख्येत किमान १ हेक्टर जागेवर १० टक्के किंवा अधिक छत्र असेल तर ते वनाच्छादन, मग जमीन कुणाचीही असो आणि झाड कोणतंही असो. आमराई, रबर, निलगिरी सगळं त्यात येतं. व्याख्या लपवलेली नाही, अहवालातच छापलेली असते. उलट बाजूने सोलापूर, अहिल्यानगर, सासवडकडची माळरानं झाडं कमी म्हणून ‘पडीक’ ठरतात. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांच्या नकाशानुसार देशातल्या अशा निमशुष्क खुल्या नैसर्गिक परिसंस्था जमिनीच्या सुमारे १० टक्के आहेत. माळरानावर खड्डे खणून रोपं लावली की हिरवेपणाचा आकडा वाढतो आणि माळढोक, लांडगा, खोकड यांची जागा जाते. आमच्या मते उपग्रहाच्या कामात इकॉलॉजीचा माणूस लागतो तो इथे. वाढ झाली म्हणताच ‘कशाची?’ हे विचारायला.

प्रश्न : आमची संस्था वनीकरणाचं आणि कुरणांचं काम करते. उपग्रहाच्या नकाशाची जमिनीवर पडताळणी कशी करायची, किती प्लॉट लागतात?
— यवतमाळ

उत्तर : आधी आकार. सेंटिनेलचा पिक्सेल १० मीटरचा असला तरी प्लॉट १० मीटरचा घेऊ नका. झाडांखाली मोबाइलचा जीपीएस सहज १० मीटर चुकतो आणि तुम्ही शेजारच्या पिक्सेलशी तुलना करत बसता. किमान ३० बाय ३० मीटरचा एकसारखा तुकडा निवडा. ०.१ हेक्टरचा चौरस ३१.६ मीटरचा होतो, तो सोयीचा. मध्यबिंदू रस्ता, बांध, जंगलाची कड यांपासून ५० मीटर तरी आत असू द्या, आणि जीपीएस एका जागी पाच मिनिटं ठेवून सरासरी घ्या.

कुरणात प्रत्येक प्लॉटमध्ये १ चौरस मीटरच्या किमान पाच चौकटी टाका. चौकट चांगल्या गवतावर नकळत पडते, म्हणून जागा आधीच कागदावर ठरवा. गवत जमिनीलगत कापायचं, तिथेच वजन करायचं, कागदी पिशवीत भरायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घामेजतं आणि कुजायला लागतं. ६५ अंश सेल्सियसवर ४८ तास, किंवा लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत वाळवायचं. कापणी उपग्रहाच्या फेरीच्या पाच दिवस आत-बाहेर व्हावी. सप्टेंबरात दहा दिवसांत गवत बदलतं, आणि मधे गुरं चरून गेली तर त्या नोंदीचा उपयोग नाही. म्हणून चराईची खूण रकान्यात लिहा. झाडांच्या छत्राचे फोटो खालून वर काढताना सकाळी सूर्य वर येण्याआधी किंवा ढगाळ वेळी काढा. कडक उन्हात चमकणारी पानं आकाश म्हणून मोजली जातात आणि छत्र कमी भरतं.

नकाशाच्या पडताळणीसाठी प्रत्येक वर्गाला किमान ५० नमुने घ्या, आणि ते संगणकाने यादृच्छिक निवडलेले असू द्या. रस्त्यावरून दिसतात तेवढेच तपासले तर अचूकता नेहमी छान येते.

सर्वांत जास्त चूक होते ती पिक्सेल मोजून क्षेत्रफळ सांगण्यात. समजा १०,००० हेक्टरच्या नकाशात २०० हेक्टर ‘तोड झालेली’ आणि ९,८०० हेक्टर ‘तशीच’ दाखवली आहे. तोडीतल्या १०० नमुन्यांपैकी ८० खरे निघाले, म्हणजे १६० हेक्टर. ‘तशीच’ मधल्या ३०० पैकी फक्त ३ ठिकाणी तोड सापडली. एक टक्का, दिसायला क्षुल्लक, पण ९,८०० चा एक टक्का ९८ हेक्टर होतो. अंदाज झाला २५८ हेक्टर, आणि ९५ टक्के विश्वासाने त्यात ११२ हेक्टर कमी-जास्त. नकाशाची एकूण अचूकता ९८ टक्क्यांच्या वर आहे, तरीही तोडीचा २०० हा आकडा चुकीचा आहे. अहवालात २५८ आणि त्यापुढचे ११२ दोन्ही लिहा. देणगीदाराला रुंद पट्टा आवडला नाही, तर ‘तशीच’ वर्गात नमुने वाढवा. खर्च तिथेच करायचा असतो.

प्रश्न : एव्हीएचआरआर आणि मोडिस जोडले तर चाळीस वर्षांहून मोठी मालिका मिळते. तिच्यावर सरळ प्रतिगमन करून कल काढायला हरकत काय?
— संख्याशास्त्राचे प्राध्यापक, मुंबई

उत्तर : हरकत अशी, की त्या कलात वनस्पतींखेरीज बरंच काही मिसळलेलं आहे. १९८२ चा एल चिचॉन आणि १९९१ चा पिनाटुबो या ज्वालामुखींच्या धुराळ्याने एनडीव्हीआय खाली ओढला. नोआ उपग्रहांची दुपारची फेरी वर्षागणिक उशिरा होत गेली, सूर्य कलता झाला, सावल्या लांबल्या. नवा उपग्रह आला की आकडा पुन्हा उडी घेतो. एव्हीएचआरआरचा अवरक्त बँड ०.७२५ ते १.१ मायक्रोमीटर इतका रुंद, त्यात पाण्याच्या वाफेचा शोषणपट्टा येतो. म्हणजे हवा दमट झाली की झाड न बदलताही आकडा बदलतो. मोडिसने अरुंद बँडांमुळे हा दोष टाळला, पण ते ज्यावर बसवलं आहे त्या टेरा उपग्रहाची फेरीची वेळही २०२० पासून हळूहळू अलीकडे सरकत गेली. म्हणून दोन मालिका नुसत्या चिकटवू नयेत. दोन्ही उपकरणं एकाच वेळी काम करत होती त्या वर्षांवर आधी त्यांची जुळणी तपासावी, आणि शक्य तिथे वेगवेगळे कल काढून त्यांची दिशा ताडून पाहावी.

सूर्य आणि उपग्रहाच्या कोनाचा परिणाम किती फसवा असतो हे ॲमेझॉनने दाखवलं. २००६ च्या एका गाजलेल्या निबंधाने कोरड्या ऋतूत तिथलं जंगल अधिक हिरवं होतं असं म्हटलं, आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद झाला. २०१४ मध्ये डग्लस मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी कोनांची दुरुस्ती केली, तेव्हा मोडिसमध्ये दिसणारी ती ऋतूतली वाढ उरली नाही. ऑक्टोबरकडे सूर्य उपग्रहाच्या पाठीशी येतो, झाडांच्या सावल्या झाडांमागेच लपतात आणि अवरक्त वाढतो.

संख्याशास्त्राच्या बाजूने तीन गोष्टी. मोडिसच्या १६ दिवसांच्या संचात वर्षाला २३ आकडे असतात. २५ वर्षांचे ५७५ झाले, पण ते ५७५ स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. वर्षाची किंवा हंगामाची बेरीज करून २५ बिंदू घ्या, कलाचा वेग सांगणारा सेनचा उतार आणि कल योगायोगाचा नाही ना हे पाहणारी मान-केंडाल चाचणी लावा, स्वसहसंबंध (एका वर्षाच्या आकड्याचा पुढच्या वर्षावरचा प्रभाव) तपासा. दुसरं, सुरुवातीचं वर्ष. मोडिसची नोंद २००० मध्ये सुरू होते आणि २००२ हे देशव्यापी दुष्काळाचं वर्ष. मराठवाड्यात तिथून काढलेली रेघ वरच जाणार. आधी पावसाशी प्रतिगमन करून उरलेल्या भागाचा कल पाहा. तिसरं, ऋतुमानाचा अभ्यास असेल तर प्रत्येक पिक्सेल १६ दिवसांतल्या नेमक्या कोणत्या दिवसाचा आहे हे सांगणारा थर त्याच फाईलमध्ये असतो, तो वापरा. सगळे आकडे पहिल्या तारखेवर टाकले, तर पालवी आठवडा-दोन आठवडे लवकर फुटल्याचा ‘शोध’ लागतो.

प्रश्न : गोव्यात जून ते सप्टेंबर ढगांशिवाय प्रतिमाच मिळत नाही. काय करावं?
— फोंडा

उत्तर : रडार वापरा. युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची तरंगलांबी ५.६ सेंटिमीटर, ती ढगांतून जाते पण वरच्या पानांतच अडकते. इस्रो आणि नासाचा निसार हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्याची २४ सेंटिमीटरची तरंग फांद्या-खोडापर्यंत पोचते, फेरी १२ दिवसांची. मर्यादाही लक्षात ठेवा. हेक्टरी १०० टनांच्या आसपास जैवभार झाला की तोही संकेत सपाट होऊ लागतो, घाटाचे उभे उतार प्रतिमेत एकमेकांवर दुमडले जातात, आणि पावसाने भिजलेलं झाड जास्त उजळ दिसतं. म्हणून वर्षांची तुलना जानेवारी-फेब्रुवारीच्या प्रतिमांनीच करावी.

प्रश्न : नोकऱ्या कुठे आहेत, आणि इस्रोत इकॉलॉजीच्या माणसाला घेतात का?
— एम.एस्सी. झालेला, कोल्हापूर

उत्तर : इस्रोची मोठी भरती अभियंत्यांची असते, त्या जाहिराती पाहून निराश होऊ नका. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र, अहमदाबादचं अवकाश उपयोग केंद्र आणि डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था इथे संशोधन शिष्यवृत्तीच्या आणि प्रकल्पांच्या जागा निघतात. वनस्पतिशास्त्र, वनशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र झालेल्यांना मार्ग तिथून आहे, आणि नेट उत्तीर्ण असाल तर सोपा जातो. डेहराडूनच्या संस्थेचे ऑनलाइन अल्पमुदतीचे वर्ग मोफत असतात, सुरुवात त्यांनी करा. राज्यात नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि आयआयटी मुंबईतला या विषयाचा विभाग आहे. पीक विमा, कार्बन प्रकल्प आणि खाणींचे पर्यावरण अहवाल करणाऱ्या खासगी कंपन्या लवकर घेतात, पण तिथे तुमच्या नकाशावर सही तुमची असते. काम घेण्याआधी पडताळणीचे नमुने कोण गोळा करणार आणि त्याचा खर्च कुठे धरला आहे, हे मुलाखतीतच विचारा.